ग्लासातलं पाणी तपकिरी का होतं? मिठाच्या खड्यापासून बोअरच्या पाण्यापर्यंत

मार्च सरत आला की आपल्या मराठवाड्यात आड तळ दाखवू लागतात, नळाला पाणी आठवड्याने-दहा दिवसांनी येतं, आणि त्याच सुमारास पाणी शुद्ध करायची मशिनं विकणारे दारोदार फिरू लागतात. त्यांच्या पिशवीत एक छोटं यंत्र असतं, त्याला धातूच्या दांड्यांच्या जोड्या लावलेल्या असतात. एका ग्लासात तुमच्या बोअरचं पाणी, दुसऱ्यात त्यांच्या मशिनचं. दांड्या दोन्ही ग्लासांत सोडायच्या आणि पिन सॉकेटला लावायची. मिनिटभरात तुमच्या ग्लासातलं पाणी तपकिरी होतं, वर फेस धरतो. त्यांचा ग्लास नितळच राहतो. मग ते म्हणतात, "बघा मावशी, हे रोज लेकरांच्या पोटात जातंय."

मावशी घाबरतात, आणि घाबरणं साहजिक आहे, कारण डोळ्यांनी दिसलेलं खोटं कसं म्हणायचं? पण त्या ग्लासात काय घडतं ते सातवीतलं पोरगंही समजून घेऊ शकतं. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीपासून सुरुवात करावी लागते.

मीठ कशाचं बनलंय?

पुस्तकातलं नाव सोडियम क्लोराइड. म्हणजे त्यात दोन मूलद्रव्यं आहेत, सोडियम आणि क्लोरीन. दोघांची मूळ रूपं पाहिली तर ती तोंडाजवळ न्यायचीही हिंमत होणार नाही.

सोडियम हा चांदीसारखा चकाकणारा, सुरीने कापता येईल इतका मऊ धातू. हम्फ्री डेव्ही या इंग्रज शास्त्रज्ञाने तो १८०७ मध्ये पहिल्यांदा वेगळा काढला. प्रयोगशाळेत तो रॉकेलमध्ये बुडवून ठेवतात, कारण पाण्याशी गाठ पडली की तो सळसळत इकडेतिकडे पळतो, हायड्रोजन वायू सोडतो आणि बऱ्याचदा पेट घेतो. क्लोरीन हा हिरवट-पिवळा, नाकातोंडाची आग करणारा वायू. शीले या शास्त्रज्ञाने तो १७७४ मध्ये तयार केला. पहिल्या महायुद्धात, २२ एप्रिल १९१५ रोजी, बेल्जियममधल्या ईप्रजवळ जर्मन सैन्याने हाच वायू शत्रूच्या खंदकांवर सोडला होता.

एक पेट घेणारा, दुसरा जीव घेणारा. दोघं मिळून झालेलं मीठ मात्र आपण भाकरीच्या पिठात घालतो. हे कसं जमतं?

उत्तर इलेक्ट्रॉनमध्ये आहे. प्रत्येक अणूभोवती ऋणप्रभार असलेले इलेक्ट्रॉन कक्षांमध्ये असतात. सोडियमकडे एकूण ११ असतात, पण सगळ्यांत बाहेरच्या कक्षेत एकच. क्लोरीनकडे १७, आणि बाहेरच्या कक्षेत ७. बाहेरची कक्षा ८ इलेक्ट्रॉनांनी भरलेली असली की अणू स्थिर राहतो. सोडियमने बाहेरचा एक दिला की आतली भरलेली कक्षाच बाहेरची ठरते. क्लोरीनला एक मिळाला की त्याचे आठ पुरे होतात. दोघं समोरासमोर आले की सोडियमचा एक इलेक्ट्रॉन क्लोरीनकडे जातो.

इलेक्ट्रॉन गेल्यामुळे सोडियमवर धनप्रभार येतो, मिळाल्यामुळे क्लोरीनवर ऋणप्रभार. प्रभार आलेल्या अशा अणूला आयन म्हणतात. हा एक शब्द नीट लक्षात ठेवा, पुढचा सगळा लेख त्याच्यावर उभा आहे.

आता भीतीचं काय? चुलीत घातलेलं लाकूड पेटतं, पण खाली उरलेली राख तुम्ही कितीही फुंकलीत तरी पेटत नाही, कारण जे जळायचं होतं ते जळून गेलेलं असतं. मिठातल्या सोडियमचं तसंच आहे. ज्या इलेक्ट्रॉनमुळे तो इतका उतावळा होता तो देऊन झालाय. आता त्याला पाण्यात टाका, तोंडात टाका, पेटण्यासारखं त्याच्यात काही उरलेलंच नाही. क्लोरीनलाही हवं होतं ते मिळालंय, त्यामुळे क्लोराइड आयन कुणाची फुप्फुसं जाळत नाही.

"आमच्या मिठात केमिकल नाही" असं पाकिटावर किंवा मोबाईलवर वाचलंत तर लेकरांनो, तिथे थोडं थांबा. मीठ हे स्वतःच एक रसायन आहे. पाणीही रसायन, साखरही. एखादा पदार्थ रसायन आहे की नाही या प्रश्नाला अर्थ नाही; कोणतं रसायन, आणि किती, एवढंच विचारायचं.

खडा चौकोनी का असतो?

मिठाचा बारीक दाणा भिंगाखाली धरा. भिंग नसेल तर मोबाईलचा कॅमेरा जवळ नेऊन पाहा. बऱ्याच दाण्यांचे कोपरे काटकोनी दिसतील, लहान लहान घनच. कारखान्यात कुणी ते कापलेले नसतात. धन आयन ऋण आयनाला ओढतो, पण दुसऱ्या धन आयनाला दूर ढकलतो. त्यामुळे प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन बसतात: वर, खाली, उजवीकडे, डावीकडे, पुढे, मागे. प्रत्येक क्लोराइडभोवतीही तसेच सहा सोडियम. हीच मांडणी सगळ्या दिशांना पसरत गेली की घन तयार होतो. ब्रॅग पितापुत्रांनी १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या मदतीने ही रचना उलगडली. तोवर मिठात आतून काय दडलंय हे कुणालाच पाहता आलं नव्हतं. मला हा शोध फार मोठा वाटतो, कारण रोज चिमटीत येणाऱ्या वस्तूच्या आतली शिस्त माणसाला पहिल्यांदाच कळली.

ही ओढ किती घट्ट आहे पाहा. मीठ वितळवायला ८०१ अंश सेल्सिअस तापमान लागतं. तव्यावर मीठ तडतडतं, पण वितळत नाही.

आपल्याकडे समुद्र नाही, पण स्फटिक घरीच बनवता येतात, आणि त्यासाठी आपल्या मे महिन्यासारखी कोरडी हवा शोधून सापडणार नाही. १०० मिलिलिटर पाण्यात साधारण ३६ ग्रॅम मीठ विरघळतं, त्यापुढचं तळाशी बसतं. अशा पाण्याला संपृक्त द्रावण म्हणतात. वरचं नितळ पाणी ताटलीत ओतून सावलीत, न हलवता ठेवा. पाणी उडून जाईल आणि ताटलीत चौकोनी खडे उरतील. गुजरातच्या किनाऱ्यावर मिठागरांत हेच मोठ्या प्रमाणावर चालतं. रेल्वे येण्याआधी किनाऱ्यावरचं मीठ लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून दख्खनच्या पठारावर आणत. आपल्या पणज्यांच्या ठेच्यातलं मीठ त्या वाटेने आलेलं होतं.

पाण्यात गेलं म्हणजे कुठे गेलं?

८०० अंशांना न हटणारं मीठ साध्या गार पाण्यात चमचा फिरवला की दिसेनासं होतं. याचं कारण पाण्याच्या रेणूत आहे. त्याची ऑक्सिजनकडची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनकडची किंचित धन असते. पाण्याचे रेणू खड्याच्या कडेला चिकटतात. ऋण बाजू सोडियम आयनाकडे करून, धन बाजू क्लोराइडकडे करून ते एकेक आयन सुटा करतात आणि त्याला चहूबाजूंनी घेरतात. मीठ नाहीसं होत नाही. त्याचे सुटे आयन पाण्यात मोकळे फिरू लागतात.

साखरही विरघळते, पण तिचे रेणू अख्खेच सुटे होतात, त्यांच्यावर प्रभार नसतो. आणि वीज पाण्यातून जायची तर तिला वाहून नेणारे प्रभारित कण लागतात. म्हणून मिठाच्या पाण्यातून वीज जाते, साखरेच्या पाण्यातून जवळजवळ जात नाही.

आता त्या तपकिरी ग्लासाचा उलगडा करता येतो. बोअरच्या पाण्यात आयन भरपूर, म्हणून वीज वाहते. यंत्राच्या दांड्यांपैकी निदान एक लोखंडाची असते. वीज वाहताना या दांडीतलं लोखंड आयन होऊन पाण्यात उतरतं, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून त्याचा गंज होतो, आणि पाणी तपकिरी होतं. दुसऱ्या दांडीशी हायड्रोजनचे बुडबुडे येतात, तोच वरचा फेस. मशिनमधून आलेल्या पाण्यात आयन फार थोडे असतात, वीज नीट वाहत नाही, लोखंड उतरत नाही, म्हणून ते नितळ राहतं. ग्लासातली घाण दांडीची होती, पाण्यात ती आधी नव्हतीच.

खात्री करायची असेल तर दवाखान्यातलं सलाईन आठवा. त्यात लिटरला ९ ग्रॅम मीठ असतं आणि ते निर्जंतुक करून थेट रक्तात सोडतात. त्या यंत्राच्या दांड्या सलाईनमध्ये बुडवल्या तर ते तुमच्या बोअरच्या पाण्यापेक्षा लवकर आणि जास्त तपकिरी होईल.

स्वतः करून पाहा, पण सॉकेटला हात न लावता

घरातल्या विजेवर हा प्रयोग करायचा नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. त्याने जीव जाऊ शकतो. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी, दोन वायरचे तुकडे, दोन्हीकडून टोकदार केलेल्या दोन पेन्सिली आणि दोन लोखंडी खिळे पुरेत. मोठं माणूस सोबत असू द्या आणि खिडकी उघडी ठेवा.

पेल्यात मिठाचं पाणी घ्या. पेन्सिलींच्या वरच्या टोकांना वायर जोडून खालची टोकं पाण्यात सोडा, एकमेकांना लागू देऊ नका. दोन्ही टोकांशी बुडबुडे येतील. एकीकडे हायड्रोजन; दुसरीकडे थोडा क्लोरीन, त्याचा वास पोहण्याच्या तलावासारखा असतो. तो मुद्दाम हुंगू नका, मिनिटभरात बॅटरी काढा. शिशाचा एखादा काळा कण सुटेल, पण पाणी तपकिरी होणार नाही, कारण शिशात लोखंड नाही, ग्रॅफाइट आहे. आता तेच पाणी, तीच बॅटरी, फक्त पेन्सिलींच्या जागी खिळे. थोड्या वेळात पाणी आधी हिरवट आणि मग गंजाच्या रंगाचं होऊ लागेल.

मीठ तेच, पाणी तेच. बदलल्या त्या फक्त दांड्या. शाळेतल्या बाईंना सांगून हा प्रयोग गावात ग्रामसभेच्या दिवशी करून दाखवता आला तर फार चांगलं. झाल्यावर पाणी ओतून द्या, पिऊ नका.

टीडीएसचा आकडा काय सांगतो?

विक्रेत्याकडे पेनासारखं एक मीटरही असतं, त्यावर टीडीएस दिसतो. टीडीएस म्हणजे एक लिटर पाण्यात एकूण किती मिलिग्रॅम पदार्थ विरघळलेत तो आकडा. १००० म्हणजे लिटरला एक ग्रॅम. ऐकायला हजार मोठं वाटतं, पण समुद्राच्या पाण्यात हाच आकडा ३५,००० च्या घरात असतो.

मीटर खरं तर पदार्थ मोजतच नाही. पाण्यातून वीज किती सहज जाते ते मोजतं आणि त्यावरून अंदाज सांगतं. मशिनच्या पाण्यात साखर विरघळवून मीटर बुडवा, आकडा जवळपास हलणार नाही. चिमूटभर मीठ टाका, झपकन चढेल.

आपल्या बोअरच्या पाण्यात हे आयन येतात कुठून? आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे, बेसाल्ट. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं आणि खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम सोबत आणतं. पाणी जितका जास्त काळ खडकात मुरतं तितके क्षार वाढत जातात. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. अशा दुष्काळांच्या धास्तीने बोअर खोल खोल गेले आणि आपण जुनं, खडकात मुरलेलं पाणी पिऊ लागलो. म्हणून त्याला आपण खारं म्हटलं तरी त्यात फक्त जेवणातलं मीठ नसतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बऱ्याचदा जास्त असतात.

मग आकडा कमी तेवढं पाणी चांगलं ना?

नाही. भारतीय मानक ब्युरोच्या मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचा टीडीएस ५०० पर्यंत असावा, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतो. त्यापलीकडे चव बिघडते आणि पोटालाही त्रास होऊ शकतो. पण कमी आकडा म्हणजे सुरक्षित पाणी असं मीटर कुठेच सांगत नाही. काविळीचे विषाणू किंवा टायफॉइडचे जंतू पाण्यात असले तरी आकडा हलत नाही. छतावरून पडलेल्या पावसाच्या पाण्याचा टीडीएस अगदी कमी असतो, आणि त्यात पक्ष्यांची विष्ठा मिसळलेली असू शकते.

फ्लोराइडचं तर याहून अवघड. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांमध्ये भूजलात ते जास्त सापडलंय. लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर गेलेलं फ्लोराइड वर्षानुवर्षं पोटात गेलं तर दातांवर डाग पडतात, पुढे हाडं ताठरतात. आता विचार करा, ६०० च्या आकड्यात हे दोन-तीन मिलिग्रॅम तुम्हाला कसे दिसणार? त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासणी हवी. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाण्याचा नमुना देता येतो. ग्रामपंचायतीकडेही विचारा. लेकरांच्या दातांवर पांढरे-पिवळे पट्टे दिसत असतील तर ही तपासणी लांबणीवर टाकू नका.

म्हणजे आरओ नकोच का?

आरओ म्हणजे पडद्यातून पाणी गाळणारं, दारोदार विकलं जाणारं हेच मशिन. ते नकोच असं अजिबात नाही. जिथे फ्लोराइड जास्त आहे किंवा टीडीएस दोन हजारांच्या घरात आहे, तिथे आरओ उपयोगाचं आहे, कारण त्याचा पडदा आयन अडवतो. पण घरगुती मशिन एक लिटर पाणी देताना बऱ्याचदा दोन-तीन लिटर मोरीत सोडतं. जिथे टँकरची वाट पाहावी लागते तिथे हा हिशेब मांडायलाच हवा. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये याच कारणाने सांगितलं की टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तिथे आरओवर बंदी आणावी. मशिन घेतलंच असेल तर सोडलेलं पाणी बादलीत धरा, फरशीला आणि संडासात वापरा. परसबागेला रोज घालू नका, क्षार मातीत साचतात.

"पाणी उकळलं तर खारेपणा जाईल का?" हा प्रश्न आयाबाया नेहमी विचारतात. उकळल्याने जंतू मरतात, ते महत्त्वाचंच आहे. पण मीठ उडत नाही, पाणी उडतं, म्हणून खारेपणा उलट थोडा वाढतो. जातो तो जडपणाचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या क्षारांचा, एक भाग. कॅल्शियमचे काही क्षार तापल्यावर चुनखडी होऊन तळाशी बसतात. गिझरमध्ये आणि पातेल्याच्या बुडाला धरणारा पांढरा थर तोच. तुरीची डाळ बोअरच्या पाण्यात शिजत नाही त्यालाही कॅल्शियमच कारण. ते डाळीच्या पेशींना घट्ट धरून ठेवतं.

रानात पांढरं का फुटतं?

कालव्याच्या पाण्याखालच्या खोलगट काळ्या रानात उन्हाळ्यात मातीवर पांढरी पूड दिसते. ताटलीत घडलं तेच इथेही घडतं: पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यात सोडियम जास्त झाला तर तो चिकणमातीच्या कणांवर बसतो, कण एकमेकांपासून सुटतात आणि मातीतली भोकं बुजवतात. पाणी मुरत नाही, वाळल्यावर ढेकूळ दगडासारखं होतं. हीच चोपण जमीन. तिच्यात जिप्सम घालतात ते यासाठी की जिप्सममधला कॅल्शियम आयन सोडियमला हटवून त्याची जागा घेतो. पण सुटलेला सोडियम वाहून न्यायला चर काढलेले नसतील तर तो तिथेच राहतो आणि जिप्समचा खर्च वाया जातो.

सैंधव खावं की पाकिटातलं?

सैंधव, खडेमीठ, पाकिटातलं बारीक मीठ, या सगळ्यांत मुख्य पदार्थ सोडियम क्लोराइडच. सैंधवात इतर खनिजं असतात, पण इतकी थोडी की भाजी-भाकरीतून मिळतात त्यापुढे ती मोजण्यासारखी नाहीत. खरा फरक आयोडीनचा. शरीराला ते दिवसाला फक्त १५० मायक्रोग्रॅम लागतं, पण तेवढंही मिळालं नाही तर गलगंड होतो, आणि आई गरोदर असताना ते कमी पडलं तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. म्हणून आपल्या देशात खाण्याच्या मिठात पोटॅशियम आयोडेट मिसळतात, घरी पोचेपर्यंत किलोला किमान १५ मिलिग्रॅम आयोडीन राहील अशा बेताने. उपवासाला सैंधव वापरायला हरकत नाही. रोजच्या स्वयंपाकात मात्र, आणि घरात गरोदर बाई असेल तर नक्कीच, आयोडीनचंच मीठ असू द्या.

प्रमाणही बघायला हवं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर मीठ सांगते. लोणचं, पापड आणि कुरकुऱ्या पाकिटांतलं मीठही यात धरायचं. उन्हात राबणाऱ्याच्या घामातून मीठ जातं हे खरं, पण रक्तदाब असलेल्या माणसाने त्या कारणाने वरून मीठ घेऊ नये, डॉक्टरांना विचारावं.

पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं, खडेमिठाला जास्त, कारण त्यातलं थोडंसं मॅग्नेशियम क्लोराइड हवेतली ओल ओढतं. ओलसर मिठातलं आयोडीन हळूहळू कमी होतं. म्हणून पाकीट फोडल्यावर मीठ कोरड्या बरणीत भरा, झाकण घट्ट लावा, चुलीपासून लांब ठेवा, आणि ओला चमचा आत घालू नका.